कामाच्या व्हिसाची वैद्यकीय तपासणी : सौदी की ब्रिटन?

ब्रिटनचा मामला सुटसुटीत. ब्रिटन सरकारने ठरवलेल्या यादीतल्या देशांतून सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी जाणाऱ्यांची फक्त क्षयरोगाची तपासणी होते. छातीचा एक्स-रे, बस. मात्र त्यात शंका आली तर थुंकीचे नमुने, आणि निकालाला आठ आठवडेसुद्धा लागू शकतात. नोकरीची रुजू तारीख जवळ असेल तर हीच खरी डोकेदुखी.

सौदीत एक्स-रेबरोबर रक्तही तपासतात : एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी. शेरा ‘फिट’ किंवा ‘अनफिट’. बऱ्या झालेल्या क्षयरोगाचा फुफ्फुसावरचा जुना डागही तिथे आडवा येऊ शकतो, जो मला अन्यायच वाटतो. असा डाग असणाऱ्यांना ब्रिटनचा रस्ता सोपा. तिथे प्रश्न रोग आज सक्रिय आहे का, एवढाच.