कॅटरहॅम सेव्हन की लोटस एलिस?

ब्रिटनमध्ये राहता, सेकंडहँड हलकी स्पोर्ट्सकार घ्यायची आहे, तर फिरून फिरून याच दोन नावांपाशी येता. दोन्हींचं मूळ एकच, कॉलिन चॅपमन. १९४८ मध्ये त्यांनी जुन्या ऑस्टिन सेव्हनवर स्वतःची पहिली गाडी बांधली आणि १९५२ मध्ये लोटस कंपनी काढली. इंजिन वाढवण्याआधी वजन उतरवा, हा त्यांचा हट्ट. वजन कमी असलं की वेग तर मिळतोच, पण वळण घेताना आणि ब्रेक दाबतानाही गाडी ऐकते. मोठं इंजिन फक्त सरळ रस्त्यावर कामाला येतं. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्यांनी फॉर्म्युला वनमधली नळ्यांची चौकट काढून टाकली आणि पत्र्याचं कवच हाच सांगाडा केला. त्याच गाडीत जिम क्लार्क १९६३ चे जगज्जेते झाले.

सेव्हन मूळची लोटसचीच, १९५७ ची. लोटसने ती सोडली, तेव्हा १९७३ मध्ये कॅटरहॅम कंपनीने हक्क घेतले आणि तिथपासून ती बनतेच आहे. पोलादी नळ्यांची चौकट, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, वजन साधारण ५०० ते ६०० किलो. दार नाही. पाय उचलून आत टाकायचा आणि खाली सरकायचं. बसून हात बाहेर सोडला की बोटं डांबराला लागतात. पुढची चाकं उघडी, त्यामुळे खड्ड्यात चाक कसं उचललं जातं ते बसल्या जागी दिसतं. हा आनंद मला दुसऱ्या कुठल्याच गाडीत मिळालेला नाही, हे सरळ सांगतो. पण मोटरवेवर तासभर वाऱ्याचा मारा खाल्ल्यावर शेजारच्याशी बोलणं सोडूनच द्यावं लागतं, आणि पावसात कापडी छत चढवेपर्यंत मांडी भिजलेली असते.

एलिस १९९६ ची. तिचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा, आणि त्या पट्ट्या वेल्डिंगने नाही तर इपॉक्सी या गोंदाने चिकटवलेल्या. नुसता सांगाडा ६८ किलोचा, दोघं मिळून उचलतील! पहिल्या मालिकेतली, म्हणजे पहिल्या आवृत्तीतली, अख्खी गाडी ७२५ किलोच्या आसपास, इंजिन रोव्हरचं १.८ लिटर, ११८ हॉर्सपॉवर. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, एअरबॅगही नाही. रस्त्याचा बारीक खरखरीतपणासुद्धा स्टिअरिंगमधून तळहातात येतो. वर छत, खिडकीला काच, मागे दोन बॅगांपुरती डिकी. रुंद उंबरठा ओलांडून आत शिरणं मात्र कसरतच आहे, छत लावलेलं असलं तर जास्तच. दुसऱ्या मालिकेत तो उंबरठा थोडा खाली आणला.

खर्चाचं नीट ऐका. एलिसमधल्या रोव्हरच्या त्या इंजिनाचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालची सील, जातं, ही जगजाहीर गोष्ट आहे. ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा पांढुरका थर दिसला, किंवा कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी होत असेल, तर सौदा पुढे नेऊ नका. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच कॅटरहॅममध्येही हेच इंजिन आहे, तिथेही झाकण उघडून बघा. एलिसचं मागचं अंग फायबरग्लासचं एकसंध आहे, पार्किंगमधला साधा धक्काही महागात जातो. सांगाडाच वाकला असेल तर ठोकून सरळ करण्याचा प्रश्नच नाही. सेव्हनमध्ये खालच्या नळ्यांचा गंज तपासा. पुष्कळ गाड्या मालकाने किट, म्हणजे सुट्या भागांचा संच, आणून घरी जोडलेल्या असतात, म्हणून जोडणीचे फोटो आणि बिलं मागा. दुरुस्ती मात्र गॅरेजमध्ये चार पाने-पेचकस घेऊन घरच्या घरी होते.

माझा कौल असा. घरी दुसरी गाडी आहे, बंद गॅरेज आहे आणि हाताला ग्रीस लागलेलं आवडतं, तर डोळे मिटून सेव्हन घ्या. ट्रॅकवरही तीच कमी खर्चात जास्त शिकवते. आठवड्यातून दोनदा ऑफिसला न्यायची असेल, किंवा जोडीदाराला घेऊन वेल्सच्या डोंगरात दोन दिवस जायचं असेल, तर एलिसच, आणि तीही शक्यतो २००४ नंतरची टोयोटा इंजिनवाली. पहिल्या मालिकेचं देखणेपण तिच्यात थोडं कमी वाटतं, पण ते इंजिन वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं.

बघायला जाल तेव्हा इंजिन गार असतानाच सुरू करायला सांगा. मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशीची वेळ मागा.