गेट-टुगेदरनंतर कोणता बघायचा, ‘९६’ की ‘पास्ट लाइव्हज’?

आमच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर परवा विश्रामबागेत झालं. तेव्हापासून तिघांनी विचारलंय, आणि तेही ग्रुपवर नाही, वेगवेगळं: शाळेतली माणसं पुन्हा भेटतात असा एखादा पिक्चर सांग की.

दोन सांगतो. दोन्हींना सबटायटल वाचावी लागतात, तेवढी तयारी ठेवा.

‘९६’ (तमिळ, २०१८) लगेच आपला वाटतो. तंजावरच्या शाळेतली १९९६ची बॅच, बावीस वर्षांनी जमलेली. विजय सेतुपतीचा राम एवढा मोठा बाप्या, पण शाळेतली जानकी समोर आली की अजून त्याची गडबड उडते. त्रिशाची ही जानकी लग्न होऊन सिंगापूरला. शाळेत तो एकच गाणं मागायचा, आणि ती नेमकं तेवढंच सोडून बाकीची म्हणायची. ते गाणं कधी येतं ते बघाच. लांबी मात्र अडीच तासांच्या वर. आणि जानकीचा नवरा तिकडे लांब, गोष्टीबाहेर. त्यामुळे आपल्याला हळहळायला रान मोकळं.

‘पास्ट लाइव्हज’मध्ये (२०२३) नवरा घरातच आहे. सगळा फरक तिथं पडतो. नोरा बाराव्या वर्षी सोल सोडून कॅनडाला जाते. बारा वर्षांनी शाळेतल्या हे-संगशी स्काईपवर गप्पा, मग त्याही बंद. आणखी बारा वर्षांनी तो न्यूयॉर्कला येतो. रात्री अंथरुणात नवरा तिला म्हणतो, तू झोपेत कोरियनमध्येच बोलतेस, मला त्यातलं काही कळत नाही. ना संशय, ना आदळआपट. पुढं बारमध्ये ती दोघं कोरियनमध्ये रंगतात आणि हा शेजारी गप्प बसून असतो. नायक-नायिकेपेक्षा मला तोच लक्षात राहिलाय. ‘इन-यन’ म्हणजे काय ते पिक्चर सावकाश समजावतो. आपल्याला ‘ऋणानुबंध’ म्हटलं की झालं.

पावणेदोन तासांचाच आहे, पण संथ. शेवटी टॅक्सीची वाट बघत दोघं नुसती उभी राहतात, तेव्हा आमच्या घरातून आवाज आला, “नेट अडकलं का हो?”

मित्रांबरोबर भडंग खात बघायचा तर ‘९६’. बायकोबरोबर बसणार असाल तर ‘पास्ट लाइव्हज’. मी उलटं केलं. ‘९६’ संपल्या संपल्या पहिला प्रश्न आला, “तुमच्या वर्गातली जानकी परवा आली होती का?”