नेपाळचा माल: कोलकात्याला उतरवायचा की विशाखापट्टणमला?

नेपाळला समुद्र नाही, त्यामुळे समुद्रमार्गे येणारा त्याचा बहुतेक माल भारतातल्या बंदरावर उतरतो. आधी कोलकाता-हल्दियाशिवाय पर्याय नव्हता. २०१६ मध्ये दोन्ही देशांनी करार करून विशाखापट्टणम खुलं केलं, तेव्हापासून निवड करावी लागते.

नकाशावर कोलकाताच जवळचं. नेपाळच्या सीमेवरच्या वीरगंजच्या कोरड्या बंदरापर्यंत (समुद्रापासून दूर, कंटेनर उतरवायचं ठिकाण) रेल्वेने सुमारे ७०० किलोमीटर, तर विशाखापट्टणमहून १,४०० च्या आसपास. पण तेवढ्यावर ठरवू नका.

कोलकात्याची गोदी नदीवर आहे. जहाज पायलट (नदीची वाट माहीत असलेला मार्गदर्शक) घेऊन गाळ चुकवत हुगळीतून दोनशेहून जास्त किलोमीटर आत येतं, भरती गाठतं आणि लॉकगेटमधून (गोदीतलं पाणी अडवून धरणाऱ्या दारांमधून) नेताजी सुभाष गोदीत शिरतं. पाण्याच्या एवढ्याशा खोलीत मोठं जहाज येऊच शकत नाही. म्हणून कंटेनर आधी कोलंबो किंवा सिंगापूरला उतरतात आणि फीडर जहाजाची (तिथून पुढे कंटेनर नेणाऱ्या लहान जहाजाची) वाट बघत पडून राहतात. विशाखापट्टणमला पाणी खोल असल्याने मोठं जहाज थेट धक्क्याला लागतं. रेल्वेवर जास्त गेलेला वेळ समुद्रावर भरून निघू शकतो.

मात्र रेक, म्हणजे पूर्ण मालगाडी, भरायला हवा. एका रेकमध्ये ४५ वाघिणी, म्हणजे २० फुटी ९० कंटेनर. तुमचे पाचच असतील तर बाकीचे जमेपर्यंत थांबणं आलं. अशा वेळी मी कोलकाताच सुचवेन: ट्रक मिळतात आणि नेपाळची कागदपत्रं वर्षानुवर्षं हाताळणारे एजंट तिथे आहेत. दर महिन्याला मोठा माल येत असेल तर विशाखापट्टणमचा दर जरूर मागवा.

आणि दर मागताना एक प्रश्न हमखास विचारा: रिकामा कंटेनर कुठे परत घेणार? शिपिंग लाइनने तो बंदरावरच मागितला, तर परतीच्या प्रवासातही डिटेन्शनचं (कंटेनर ठेवून घेतल्याबद्दल रोजच्या आकाराचं) मीटर चालूच राहतं, आणि १,४०० किलोमीटरवर ते फार महाग पडतं. वीरगंजलाच परत घ्यायची तयारी लेखी मिळाली तर हिशेब पालटतो. दाराच्या दांड्याला इलेक्ट्रॉनिक सील लावलेला कंटेनर वाटेत कुठे आहे ते कळतं, पण डिटेन्शन त्याने थांबत नाही.

नियोजन करणाऱ्यांशी माझं भांडण इथेच आहे. बंदरं दोन झाली, पण रेल्वेचा बहुतेक माल अजून सीमेवरच्या रक्सौल-वीरगंज या एकाच नाक्यातून जातो. सप्टेंबर २०१५ पासून तो नाका महिनोन्महिने अडला, तेव्हा नेपाळात औषधं आणि इंधन मिळेना. धक्क्यावर आणखी एक क्रेन बसवण्याआधी दुसरा नाका आणि तिथल्या यार्डातल्या जादा रुळांवर पैसा घाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सीमेवरच्याच, पण पूर्वेकडच्या जोगबनी-विराटनगर रेल्वेमार्गाने मालवाहतुकीला मान्यता मिळाली आहे. तुमचा कारखाना पूर्व नेपाळात असेल, तर वीरगंजच्या दराबरोबर कोलकाता-जोगबनीचाही दर आजच मागवा.