‘फॉलआउट’ची ‘एकमेव’ सीडी घेण्याआधी हे वाचा

‘फॉलआउट’ या कॉम्प्युटर गेम मालिकेचे जुने डबे, सीड्या, पुस्तिका जमवणाऱ्यांच्या मागे सध्या एक विक्रेता लागला आहे. मला त्याने व्यवस्थित चुना लावला. पैसे परत मिळतील अशी आशा नाही, पण तो खात्याचं नाव बदलून तोच माल पुन्हा विकतोय, म्हणून हे लिहितोय.

माल म्हणजे ‘व्हॅन ब्युरेन’ची सीडी. हे नाव नवीन असेल त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. इंटरप्लेने पहिला ‘फॉलआउट’ 1997 मध्ये काढला. टिम केन आणि मंडळींनी तो आधी स्टीव्ह जॅक्सन गेम्सच्या ‘गर्प्स’ या टेबलावर बसून खेळायच्या भूमिका-खेळाच्या नियमांवर बेतला होता. ते जमलं नाही आणि पात्रांचे गुण ठरवणारी ‘स्पेशल’ ही स्वतःची पद्धत घाईघाईत उभी करावी लागली. 1998 मध्ये दुसरा भाग आला. तिसरा भाग इंटरप्लेच्याच ब्लॅक आयल स्टुडिओत ‘व्हॅन ब्युरेन’ या सांकेतिक नावाने तयार होत होता. (अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची नावं प्रकल्पांना द्यायची त्यांच्याकडे रीतच होती.) डिसेंबर 2003 मध्ये स्टुडिओलाच टाळं लागलं आणि खेळ अर्ध्यावर राहिला. जुलै 2004 मध्ये तिसऱ्या भागाचे हक्क बेथेस्डा या दुसऱ्या गेम कंपनीकडे गेले, 2007 मध्ये त्यांनी 57 लाख 50 हजार डॉलर मोजून अख्खी मालिकाच घेतली, आणि 2008 मध्ये जो ‘फॉलआउट 3’ आला त्याचा या अर्धवट खेळाशी काही संबंध नव्हता.

स्टुडिओ बंद पडल्यापासून हक्क दुसरीकडे जाईपर्यंतचे जे महिने आहेत, त्यांवर या माणसाचा सगळा धंदा चालतो. त्याचा कुणी नातेवाईक म्हणे तिथे कामाला होता, टेबलं रिकामी करताना त्याने एक सीडी उचलून आणली, आणि ती एका खोक्यात पडून होती. आता कामावरून काढलेली माणसं काही ना काही घेऊन जातातच, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी. शिवाय गड्याला इतिहास खडानखडा पाठ. सीझरची फौज आणि हूव्हर धरण या कल्पना मूळच्या ‘व्हॅन ब्युरेन’मधल्या, त्या याच मालिकेतल्या 2010 च्या ‘न्यू व्हेगास’मध्ये पुन्हा वापरल्या गेल्या, हे त्याने मी न विचारता सांगितलं. डिझायनर जोश सॉयर दोन्हीकडे होता, हेही. यातलं एक अक्षरही खोटं नाही. खोटी होती ती फक्त सीडी.

पैसे त्याने मित्राला भेट पाठवतो तशा पर्यायाने मागितले. कारण काय, तर कमिशन वाचतं. त्या पर्यायात खरेदीदाराला कसलंही संरक्षण नसतं, हे नंतर तक्रार केली तेव्हा पैसे पाठवणाऱ्या सेवेने मला नियमावलीचं कलम दाखवून ऐकवलं.

सीडी आली ती घरी ‘बर्न’ केलेली, मागची बाजू निळसर. यावर त्याचं उत्तर तयार होतं: चाचणीच्या प्रती अशाच असायच्या. तेही खरंच आहे, त्यामुळे निळी सीडी पाहून कुठल्याच बाजूने निष्कर्ष काढता येत नाही. निकाल लागला तो आतल्या फाइलींवरून. ‘व्हॅन ब्युरेन’चा एक तांत्रिक नमुना 2007 मध्ये बाहेर फुटला, तेव्हापासून तो कुणालाही फुकट मिळतो. याचा दावा असा की त्याची प्रत त्यानंतरची, जास्त पुढे गेलेली. मी फुकटवाला नमुना उतरवून दोन्हींचे चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा, तिच्या बोटांच्या ठशासारखा आकडा) काढून शेजारी शेजारी ठेवले. एकेक फाइल तंतोतंत तीच, बाइटचाही फरक नाही.

सोबत इंटरप्लेच्या लेटरहेडवर एक पत्र होतं, कडा पिवळ्या, घडीवर फाटत आलेलं. हस्ताक्षर, शिक्का, सगळं साग्रसंगीत. मजकूर असा की हक्क बेथेस्डाकडे गेल्यामुळे उरलेल्या प्रती नष्ट कराव्यात. तारीख जानेवारी 2004. म्हणजे करार व्हायच्या सहा महिने आधीच इंटरप्लेच्या कारकुनाला तो कळला होता! कडा पिवळ्या करायला बहुधा बराच वेळ दिला असावा, तारखेकडे मात्र लक्ष गेलं नाही.

शिवाय ‘तुमच्यासाठी खास’ म्हणून पहिल्या ‘फॉलआउट’चा सीलबंद डबा, 1997 ची पहिली अमेरिकी आवृत्ती. तो अजूनही हा डबा वेगळा विकतो, म्हणून नीट वाचा. मागच्या बाजूला ब्लॅक आयलचं बोधचिन्ह आहे. या विभागाला ते नाव मिळालं 1998 मध्ये, ते पहिल्यांदा झळकलं दुसऱ्या भागावर. 1997 च्या डब्यावर ते येणार कुठून? प्लॅस्टिकचं वेष्टन तर बाजारात मिळणाऱ्या यंत्रावर कुणीही चढवू शकतो. फोडून पाहिलं तर आत पातळ पत्रक. मूळ डब्यात स्प्रिंग-बाइंडिंगची जाडजूड पुस्तिका होती, जिच्या शेवटी गमतीच्या पाककृतीही होत्या. खेळ चालवला तर वस्त्यांमध्ये एकही मूल दिसेना, म्हणजे सीडी युरोपातली. मुलांवर गोळी झाडता येते म्हणून युरोपसाठीच्या आवृत्त्यांतून ती दिसेनाशी केली होती. दुसऱ्या भागात तर या कात्रीने धमाल उडवली आहे: डेन नावाच्या वस्तीत दुकानांच्या दाराशी खिसेकापू पोरं उभी असतात, युरोपीय आवृत्तीत ती दिसत नाहीत पण खिसा मात्र कापला जातो. माझ्या बाबतीत निदान विक्रेत्याचा फोटो तरी दिसत होता, तोही चोरलेला निघाला.

‘व्हॅन ब्युरेन’चं काही विकायला आलं तर फाइलींची यादी, त्यांचे आकार आणि चेकसम पैशांआधी मागा. खरी वेगळी प्रत ज्याच्याकडे असेल त्याला हे द्यायला पाच मिनिटं पुरतात, आणि यादी दिल्याने त्याची प्रत कुणी पळवत नाही. फोटो मागाल तेव्हा सीडीशेजारी तुम्ही सांगाल तो शब्द लिहिलेला कागद ठेवायला सांगा. याचे फोटो जुन्या लिलावांमधून उचललेले असतात, चित्रावरून शोध घेतला की मूळ पान सापडतं.

गेल्या आठवड्यात तीच सीडी नव्या नावाने विकायला आलेली दिसली, फोटोत लेबलावरचा शाईचा डागसुद्धा तोच. ओळखीच्या एका संग्राहकाने त्याला फाइलींची यादी मागितली. आधी त्याने नातेवाइकाची गोष्ट सांगितली, मग पत्राचा फोटो पाठवला. यादी पुन्हा मागितल्यावर ब्लॉक केलं. पत्रावरची तारीख आता ऑगस्ट 2004 झाली आहे.