भांडूपची नोटीस, मुलुंडचं घर

खालच्या वहिनींनी त्यांच्या बाथरूमच्या छताचा फोटो पाठवला तेव्हाच कळलं, की आता आमची फरशी उखडावी लागणार. गच्चीतून गळलं तर खर्च सोसायटीचा, आपल्या न्हाणीतून गळलं तर आपला. उपविधीत तसंच आहे, वाद घालण्यात अर्थ नव्हता. सोसायटीत अर्ज दिला, सेक्रेटरींचं पत्र आलं, मिस्त्री कामाला लागला. मुलुंड पूर्वेची आमची बिल्डिंग १९८७ सालची, त्यामुळे फरशीखालचे पाइपही बदलून घेतले.

आणि मिस्त्री घरात आहेच, तर स्वयंपाकघरात ओट्यावर एक सिमेंटचा माळाही घालून घेतला. सासूबाईंची पितळी भांडी ठेवायला. अर्जात माळ्याचा उल्लेख नव्हता. "आपल्याच घरात कुणाला विचारायचं?" असं हे म्हणाले आणि मलाही ते पटलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या माळ्यावरच लटकलेलं आहे.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात पस्तिशीचा माणूस, हातात फाइल, गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र. ते उलटं फिरलेलं होतं. सुलटं करून दाखवा, एवढंही मी म्हटलं नाही.

"मॅडम, वॉर्डातून आलोय. खाली राबिटच्या गोण्या तुमच्याच ना?"

मोबाईलवर फोटो होता: गेटबाहेर सात गोण्या, मागे आमच्या बिल्डिंगचं नाव. तोडफोडीच्या राडारोड्याच्या त्या गोण्या आमच्याच. तो चपला काढून आत आला, बाथरूममध्ये डोकावला, "महापालिकेची परवानगी कुठाय?" म्हणाला. मी सेक्रेटरींचं पत्र दाखवलं तर हसला. मग स्वयंपाकघरात शिरला आणि वर बघून थांबला.

"हा माळा जुना आहे का?"

"हो, जुनाच."

त्याने पेनाचं टोक खालून टेकवलं. "ओलाय अजून, मॅडम."

तिथेच मी संपले.

त्याने फाइलीतून कागद काढला. वर रंगीत बोधचिन्ह, खाली ठळक अक्षरांत 'कलम ३५१', चोवीस तासांत बांधकाम पाडण्यात येईल, वगैरे. बाथरूम, माळा आणि राबिट मिळून पस्तीस हजार दंड. मी रडकुंडीला आल्यावर साहेबांना फोन लावल्यासारखं केलं आणि अठरावर आला. बारा हजारांची पावती, सहा 'वरचे', त्यांची पावती नाही. यूपीआय केलं तेव्हा स्क्रीनवर नाव आलं कुठल्याशा मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. मी विचारलं, तर म्हणाला साहेबांच्या भाच्याचं आहे. आणि मी अंगठा दाबला! एकतीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांची व्हाउचरं तपासलेली बाई मी.

रस्त्यावर घाण करणाऱ्यांना दंड करणारे क्लीन अप मार्शल पावती फाडताना आपण सगळ्यांनीच पाहिलेत, म्हणून दारात पावती फाडणारा माणूसही मला खोटा वाटला नाही.

नऊ दिवसांनी उलगडा झाला तो गोण्यांमुळे. दंड भरला तरी गोण्या तिथेच. पावती घेऊन मी वॉर्ड ऑफिसात गेले, इमारत व कारखाने खात्यात. तिथल्या ज्युनियर इंजिनीअरने पावती पाहिली, मग नोटीस पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही राहता कुठे?"

"मुलुंडला."

"मग ही नोटीस एस विभागाची कशी? एस म्हणजे भांडूप. मुलुंड टी मध्ये येतं."

पस्तीस वर्षं मी मुलुंडला राहते. घरपट्टीच्या बिलावर ते अक्षर दरवर्षी माझ्या डोळ्यांखालून जातं.

पुढचं त्याने मला शाळेतल्यासारखं समजावलं. चालू काम थांबवायची नोटीस असते ३५४-अ ची, तिच्यात चोवीस तासांची भाषा येते. ३५१ मध्ये सात दिवसांत लेखी खुलासा करायची संधी असते. माझ्या कागदावर दोन्हींची खिचडी होती. खाली सही 'इन्स्पेक्टर' अशी, प्रत्यक्षात ती पदनिर्देशित अधिकाऱ्याची लागते. जावक क्रमांकाची जागा तर कोरीच. आणि यातल्या कुठल्याच नोटिशीचा दंड दारात उभं राहून कुणाच्या खासगी खात्यावर घेत नाहीत.

खरी चपराक पुढे होती. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३४२ आहे. 'टेनंटेबल रिपेअर्स', म्हणजे घर राहण्याजोगं ठेवायच्या दुरुस्त्या, म्हणतात तसल्या कामांना परवानगीच लागत नाही, आणि ती कामं नावानिशी दिली आहेत: गिलावा, रंग, फरशी बदलणं, संडास-न्हाणीची दुरुस्ती, ड्रेनेजचे पाइप, नळ, विजेची फिटिंग, त्याच सामानाने छप्पर बदलणं. म्हणजे आमच्या बाथरूमसाठी सेक्रेटरींचं पत्र पुरेसं होतं. परवानगीशिवाय चालत नाही ते पुढच्या यादीत: घराची लांबी-रुंदी-उंची बदलणं, भार पेलणारी भिंत किंवा खांब-तुळई काढणं, जमीन खाली घेणं, आणि पोटमाळा किंवा माळा घालणं.

माळा. तो भामटा दोन मिनिटांत नेमका तिथेच का थांबला, ते तेव्हा कळलं. त्याला कायदा माहीत होता, मला नव्हता. बाथरूमच्या नावाने त्याने मला घाबरवलं आणि माळ्याच्या नावाने गप्प केलं.

पोलीस चौकीत तक्रार लिहून घेणाऱ्याने एकच प्रश्न विचारला, "हे वरचे सहा हजार कसले?" मी जमिनीकडे बघत राहिले. नंतर माझ्या भाच्याकडून कळलं, की लाच देणंही गुन्हाच आहे. बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवलं तर देणारा सुटतो, २०१८ च्या दुरुस्तीत तशी सोय आहे. माझा माणूस सरकारी नव्हताच, म्हणून ते प्रकरण तिथेच मिटलं. पण खरा असता तर? त्या दिवशी दार लावून १०६४ ला, म्हणजे लाचलुचपतवाल्यांना फोन केला असता तर साहेबांचा भाचा तिथेच उघडा पडला असता. पैसे गेल्याचं कळल्यावर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पण नऊ दिवसांत त्या खात्यातून सगळं पुढे सरकलेलं होतं. अठरा हजार आजपर्यंत परत आलेले नाहीत.

त्याला आमच्याकडे काम चाललंय हे कळलं कसं, यावर घरात अजून वाद होतात. ह्यांचा संशय मिस्त्रीच्या पोऱ्यावर. मला वाटतं गोण्याच पुरेशा होत्या. सात गोण्या गेटबाहेर म्हणजे आत कुणीतरी फोडतंय, एवढं हेरायला आतला माणूस कशाला हवा?

वॉचमन सांगत होता, परवा तसाच एक फाइलवाला चौथ्या मजल्याची चौकशी करून गेला. तिथेही फरशीचं काम चालू आहे. मी वर जाऊन त्यांना ३४२ ची झेरॉक्स देऊन आले आणि माळा घालताय का, तेही विचारलं.

आमचा माळा उतरवला. पितळी भांडी दिवाणाखाली आहेत, केर काढताना रोज वाजतात.