लाकडाचं चित्र: जाड तुकड्यांचं की व्हिनियरचं?

टिंबर मार्केटातून सागाचे उरलेसुरले तुकडे पिशवीभर आणले की घरात पहिला प्रश्न, "बंबात घालायला का?"

त्याच तुकड्यांतून फेटेवाला पैलवान झाला. अंगाला साग, फेट्याला फणस, मिशांना शिसम; रंगाचा एक थेंब नाही. हे इंटार्सिया, म्हणजे जाड तुकडे जुळवून केलेलं उठावाचं चित्र. दुसरी वाट मार्केट्रीची: व्हिनियर, म्हणजे लाकडाचा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा, कापून सपाट चित्र जुळवायचं. म्हैसूरचं शिसवी जडावकाम पाहिलं असेल तर ते तिसरंच, तिथे शिसमात खाचा कोरून त्यात तुकडे बसवतात.

इंटार्सियात पाऊण इंची तुकडे स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पात्याच्या यंत्र-करवतीवर, कापायचे आणि एकेकाच्या कडा घासून गोल करायच्या. फेट्याचा मागचा पदर दोन-तीन मिलिमीटर घासून खाली नेला, तेव्हा पुढचा आपसूक उठला. लाकडाच्या रेषाही पदराच्या वळणाने जायला हव्यात, आडव्या गेल्या की फेटा फळीसारखा दिसतो. नवशिक्याला एक सवलत आहे: कडा गोल असल्याने जोडातली केसभर फट सावलीत लपते. मार्केट्रीत ती लगेच डोळ्यात भरते, म्हणून दोन व्हिनियर एकावर एक ठेवून तिरक्या ब्लेडने एकदम कापतात. त्याला हात बसायला वेळ लागतो.

बारकाईत मात्र मार्केट्री पुढे. अंबाबाईच्या देवळाचं शिखर जाड लाकडात करायला गेलात तर घाम फुटेल. गंमत म्हणजे पंधराव्या शतकात इटलीतलं इंटार्सियाही सपाटच होतं. गुबियोच्या महालातली १४७८ ते १४८२ च्या सुमाराची खोली आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. तिच्या भिंतींवरची अर्धवट उघडी कपाटं म्हणजे निव्वळ लाकडाचे तुकडे.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर मार्केट्रीच घ्या. फ्रेट सॉ (बारीक पात्याची हातकरवत), धारदार सुरी आणि एक टेबल, झालं. इंटार्सियाची धूळ घरभर बसते, शिसमाची तर नाकाला झोंबते. मास्क हवाच. पण परडं किंवा गच्ची असेल तर दुसरा विचार करू नका, इंटार्सियाला लागा.

फक्त पावसाळा ध्यानात ठेवा. माझा पहिला पैलवान आंब्याच्या अख्ख्या फळीवर चिकटवलेला. जुलैत फळी वाकली आणि छातीचे दोन तुकडे सुटले. आता पाठीला प्लायच लावतो. फणसाचा पिवळा रंगही उजेडाने तपकिरी होत जातो. दुसऱ्या पैलवानाचा फेटा आता गुळाच्या रंगावर आलाय. मला तो असाच आवडतो. बायको म्हणते, धुवायला टाका.