तोफा कातायच्या की ओतायच्या?

नेल्सनच्या 'व्हिक्टरी' या ब्रिटिश युद्धनौकेची छोटी प्रतिकृती बनवायची, तर तिच्यावर १०४ तोफा. १:९६ प्रमाणात खालच्या मजल्यावरची ३२ पौंडी (म्हणजे ३२ पौंडांचा गोळा फेकणारी) तोफ जेमतेम ३० मिमीची होते आणि तिच्या तोंडाला १.७ मिमीचं भोक पाडावं लागतं.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरच्या गॅलरीत छोटा लेथ आहे. ६ मिमीचा पितळी गज लावला, पात्यानं कड्या उठवल्या, की पितळेचे कुरळे तुकडे थेट आईच्या तुळशीत. तोफ मात्र देखणी होते, हातात घेतली की वजन जाणवतं. अडचण पुढे येते. बाजूचे कान (तोफ गाड्यावर ज्यांवर टेकते ते दोन खुंट) आडवं भोक पाडून बसवायचे आणि भोक केसभर जरी सरकलं तरी तोफ गाड्यावर तिरपी बसते. शिवाय सहावी तोफ पहिलीसारखी होत नाही. शेजारी ठेवलं की लगेच कळतं.

ओतकामात एकच पितळी नमुना लागतो. त्याचा उष्णता सोसणारा सिलिकॉनचा दोन भागांचा साचा करायचा, आत टाल्कम पावडर भुरभुरायची आणि कथील ओतायचं. कथील २३२ अंशांना वितळतं, गॅसची शेगडी पुरते. (शिसं घरात नकोच.) कानही सोबतच येतात. जोडाची रेघ तेवढी कानशीनं घासावी लागते. आणि नमुन्यात खोट असली तर ती प्रत्येक तोफेत उतरते, हे मी वीस तोफा ओतल्यावर पाहिलं.

गलबतावर चार-सहाच तोफा असतील तर मी कातीन. 'व्हिक्टरी'साठी साचाच. नाहीतरी वर काळा रंगच द्यायचाय. सोन्या-चांदीच्या तोफा गायकवाडांनी मिरवाव्यात!